बार्शीची छोटी गाडी आणि यंत्रांची झीज



बार्शीच्या एखाद्या वयस्क माणसाजवळ आगगाडीचा विषय काढावा, म्हणजे तो आजच्या रुंद रुळांवरील गाडीविषयीं बोलत नाहीं. बोलतो तो त्या जुन्या छोट्या गाडीविषयीं. कुर्डुवाडीस मोठ्या गाडींतून उतरावयाचें, सामान उचलून पलीकडे जावयाचें आणि अवघ्या अडीच फुटांच्या अंतरानें टाकलेल्या रुळांवरील डब्यांत शिरावयाचें, हा बार्शीकरांचा कित्येक पिढ्यांचा परिपाठ होता. बार्शी लाइट रेल्वे या खासगी कंपनीची ही गाडी १८९७ सालीं कुर्डुवाडी ते बार्शी अशी सुरू झाली. पुढें १९०६ सालीं ती पंढरपुरास, १९११ सालीं लातुरास आणि १९२७ सालीं मिरजेस पोंचली. १९५४ सालीं सरकारनें ती आपल्या ताब्यांत घेतली, आणि २००८ सालीं बार्शीस रुंद रूळ आले तेव्हां तिचें येथलें चाक थांबलें.

आज मी बोलणार आहें तें मात्र या गाडीच्या इतिहासावर नव्हे. माझा विषय आहे घर्षण आणि झीज. आणि त्यांतहि एका अगदीं नव्या पदार्थाची झीज. प्लॅस्टिकमध्यें धातूची भुकटी मिसळावयाची आणि त्या मिश्रणाचे थरावर थर चढवून यंत्राचा भाग बनवावयाचा, अशी एक रीत अलीकडे निघाली आहे. अशा भागांवर कितपत विसंबावें, हा आजचा प्रश्न आहे. तो नवा दिसतो. पण त्याचें मर्म जुनें आहे, आणि बार्शीच्या गाडीच्या आंसाशीं बसून तें जितकें नीट समजतें तितकें कारखान्याच्या जाहिरातींतून समजणार नाहीं.

ही गाडी उभारली ती एव्हरार्ड कॅलथ्रॉप नांवाच्या इंग्रज इंजिनिअरानें. त्याचें म्हणणें असें कीं, रुळांना भारी पडतें तें गाडीचें एकूण वजन नव्हे. एकेका आंसावर किती वजन येतें, तें पाहावें. म्हणून इंजिन असो कीं मालाचा डबा असो, कोणत्याहि आंसावर पांच टनांहून अधिक भार येऊं नये अशी त्यानें वांटणी केली, आणि हलक्या रुळांवरून पुष्कळ माल नेऊन दाखविला. भार कोठें आणि किती पडतो, हा पहिला प्रश्न. बाकीचे सर्व त्याच्या मागून येतात. झिजेच्या शास्त्रांतहि नेमकें असेंच आहे.

दोन वस्तु एकमेकींवर घासतात तेव्हां प्रत्यक्षांत काय होतें? आपणांस वाटतें कीं, सपाट पृष्ठ सपाट पृष्ठावर सर्वांगानें टेकलेलें आहे. तसें तें नसतें. ज्वारीचें एक कणीस दुसऱ्या कणसावर आडवें ठेवून पाहावें. दोन्ही कणसें भरगच्च असलीं तरी स्पर्श होतो तो मोजक्या दाण्यांचाच. हातानें दाबलें कीं आणखी कांहीं दाणे टेकतात. उत्तम घासून चकचकीत केलेल्या पोलादाची स्थितिहि सूक्ष्मदर्शकाखालीं अशीच दिसते. सर्व भार कांहीं थोड्या उंचवट्यांवर तोललेला असतो, आणि तेथें दाब इतका प्रचंड असतो कीं, उंचवटे चेपतात, एकमेकांस चिकटतात आणि सरकतांना तुटतात.

आमाँताँ या फ्रेंच पंडितानें १६९९ सालीं सांगितलें कीं, घर्षण भाराच्या प्रमाणांत वाढतें, दिसणाऱ्या क्षेत्रफळावर तें अवलंबून नसतें. कणसाच्या दाण्यांकडे पाहिलें म्हणजे हा नियम चमत्कारिक वाटत नाहीं. भार वाढला कीं टेकणारे दाणे वाढतात, इतकेंच. झिजेचा नियम मात्र फार उशिरां, १९५३ सालीं, आर्चर्ड या शास्त्रज्ञानें मांडला. भार दुप्पट करा, झीज दुप्पट. घासण्याचें अंतर दुप्पट करा, झीज दुप्पट. पदार्थ दुप्पट कठीण करा, झीज निम्मी. हा नियम ढोबळ आहे, पण त्यानें हिशेबाला धरावयास एक कांठी मिळाली.

येथें एक भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. घर्षण आणि झीज या एक नव्हेत. घर्षण म्हणजे सरकण्यास होणारा विरोध. झीज म्हणजे सरकतांना गमावलेलें द्रव्य. एखाद्या जोडींत घर्षण थोडें आणि झीज पुष्कळ असूं शकते; उलटहि असूं शकतें. बैलगाडीच्या कण्याला आपण घर्षणहि नको म्हणतों आणि झीजहि नको म्हणतों. म्हणून शेतकरी त्याला ओंगण घालतो. दळावयाच्या जात्यांत आपणांस घर्षण हवें असतें. पाळी गुळगुळीत झाली कीं टाकीवालीला बोलावून ती पुन्हां खरबरीत करून घ्यावी लागते. आणि ब्रेकच्या ठोकळ्याला घर्षण भरपूर हवें, पण झीज मात्र अगदीं नको. प्रत्येक यंत्राची मागणी निराळी; म्हणून "हा पदार्थ चांगला" असें नुसतें म्हणून भागत नाहीं, "कशासाठीं चांगला" तें सांगावें लागतें.

आतां जुन्या आगगाडीच्या आंसाकडे येऊं. डब्याचा सारा भार ज्या ठिकाणीं फिरत्या आंसावर टेकतो, तेथें त्या काळीं पितळी तुकडा असे, आणि त्याच्या आंतल्या बाजूस एका पांढऱ्या धातूचें अस्तर असे. तेलांत भिजविलेल्या सुताचा बोळा खालून आंसास तेल पुरवी. हा पांढरा धातु अमेरिकेंतील आयझॅक बॅबिट यानें १८३९ सालीं प्रचारांत आणला. त्यांत मुख्यतः कथील, थोडें अँटिमनी आणि थोडें तांबें असतें. त्याची खुबी अशी कीं, मऊ कथिलाच्या पसाऱ्यांत कठीण कण विखुरलेले असतात. कठीण कण भार पेलतात. मऊ भाग किंचित् झिजून खोलगट होतो आणि त्या खोलगटींत तेल टिकतें. बाहेरून वाळूचा कण शिरला तर तो मऊ भागांत रुतून बसतो. महागाच्या आंसावर चरा पडत नाहीं. म्हणजे नुसता कठीण पदार्थहि नको आणि नुसता मऊहि नको. मऊ पसाऱ्यांत कठीण दाणे हवेत. ही कल्पना श्रोत्यांनीं मनांत ठेवावी. आपला नवा पदार्थ तिचाच नातू आहे.

दुसरी गोष्ट ब्रेकची. बार्शीहून पूर्वेस येडशीकडे निघालें कीं बालाघाटाचा चढ लागतो; आणि जो जातांना चढ, तोच परततांना उतार. उतारावर गाडीचा जीव ब्रेकच्या ठोकळ्यांत असतो. पूर्वीं हे ठोकळे बिडाचे असत. ज्या १८९७ सालीं बार्शीची गाडी सुरू झाली, त्याच सालीं इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यांत हर्बर्ट फ्रूड या गृहस्थानें ब्रेकच्या ठोकळ्यांचा आपला कारखाना काढला. डोंगराळ रस्त्यावरचे गाडीवान उतरतांना जुने बूट ब्रेकला बांधीत, तें पाहून त्याला ही बुद्धि सुचली असें सांगतात. कापूस आणि राळ यांपासून सुरुवात होऊन पुढें कृत्रिम राळ, रबर, ग्रॅफाइट, लोखंडाची भुकटी, पितळेचा कीस अशा नाना वस्तूंच्या मिश्रणाचे ठोकळे निघाले. आज भारतीय रेल्वेंतहि बिडाची जागा अशा मिश्र ठोकळ्यांनीं मोठ्या प्रमाणावर घेतली आहे. तेव्हां राळेसारख्या पदार्थांत धातु कालवून घर्षणाचें काम करून घेणें, ही युक्ति कांहीं आजची नव्हे. आजचें आहे तें तो पदार्थ घडविण्याचें तंत्र.

हें तंत्र समजून घेण्यास आपलें स्वयंपाकघर पुरेसें आहे. दिवाळींत सोऱ्यांतून चकली पाडतात. पिठाची एक अखंड दोरी बाहेर येते आणि हात फिरेल तसा आकार घेते. समजा, पहिल्या वेढ्यावर दुसरा, त्यावर तिसरा असे वेढे चढवीत गेलों, तर चकलीची वाटी होईल. त्रिमिति मुद्रणाचें, म्हणजे बाजारांत ज्याला थ्री-डी प्रिंटिंग म्हणतात त्याचें, सर्वांत प्रचलित यंत्र असेंच काम करतें. प्लॅस्टिकची सुमारें पावणेदोन मिलिमीटर जाडीची तार तापलेल्या तोटींत शिरते, वितळते आणि बहुधा ०.४ मिलिमीटरच्या छिद्रांतून बाहेर पडते. संगणक त्या तोटीस फिरवितो. एक थर पुरा झाला कीं त्यावर दुसरा. स्कॉट क्रम्प या अमेरिकन इंजिनिअरानें या रीतीच्या पेटंटसाठीं १९८९ सालीं अर्ज केला. सांचा नको, ओतशाळा नको. एकच नग हवा असेल तर एकच नग तयार होतो. लहान गांवांतील दुरुस्तीच्या कामीं हें केवढें मोलाचें आहे, तें सांगावयास नको.

या तारेंत धातूची भुकटी कां मिसळतात? निव्वळ प्लॅस्टिकला घर्षणाच्या कामीं एक मोठा गुण आहे. नायलॉनसारखा पदार्थ पोलादावर घासूं लागला कीं तो आपला अतिशय पातळ थर पोलादावर सारवून ठेवतो. मग प्लॅस्टिक पोलादावर घासत नाहीं, स्वतःच्याच थरावर घासतें. आणि तेलावांचून काम चालतें. घरगुती यंत्रांतील नायलॉनचीं दांतेरी चाकें आवाज न करतां फिरतात, तीं याच गुणावर. पण दोन दोष आहेत. प्लॅस्टिक मऊ असतें, आणि तें उष्णता वाहून नेत नाहीं. लोखंड नायलॉनच्या सुमारें तीनशें पट आणि तांबें सुमारें दीड हजार पट अधिक सुलभतेनें उष्णता वाहून नेतें.

हा दुसरा दोष किती घातक आहे, तें एका हिशेबानें पाहूं. वीस मिलिमीटर व्यासाचा पोलादी दांडा मिनिटास तीनशें फेरे घेत आहे आणि दहा किलोच्या भारानें एका प्लॅस्टिकच्या बुशांत टेकला आहे. दांड्याच्या पृष्ठाचा वेग सेकंदास सुमारें एकतीस सेंटिमीटर होतो. घर्षणांक ०.३ धरला, तर घर्षणांत सतत सुमारें नऊ वॅट शक्ति खर्च होते. आपल्या खोलींतील लहानसा नऊ वॅटचा दिवा जितकी वीज घेतो, तितकी उष्णता अंगठ्याएवढ्या वस्तूंत रात्रंदिवस ओतली जात आहे. दांडा पोलादी असल्यामुळें बरीचशी उष्णता त्याच्या वाटेनें निघून जाते हें खरें. पण उरलेली सांठत राहते. मुद्रणांत फार वापरलें जाणारें पी. एल. ए. नांवाचें प्लॅस्टिक तर साठ अंशांच्या आसपासच नरम पडतें. सोलापूर जिल्ह्याच्या उन्हाळ्यांत हवाच चाळीस अंश ओलांडते. मग वर वीसच अंशांची सवड राहिली.

धातूची भुकटी येथें तीन कामें करते. पहिलें, ती कठीण दाण्याप्रमाणें भार पेलते. बॅबिटच्या धातूची आठवण करा. दुसरें, ती उष्णतेला थोडी वाट देते. थोडी म्हणण्याचें कारण असें कीं, कण एकमेकांस टेकलेले नसले तर ते समुद्रांतील बेटांसारखे असतात. एका बेटावरून दुसऱ्यावर जातांना उष्णतेला प्लॅस्टिकच्या समुद्रांतूनच जावें लागतें. म्हणून तांब्याची भुकटी घातली कीं पदार्थ तांब्यासारखा झाला, ही समजूत चुकीची आहे. वाहकता कांहीं पट वाढते, शेंकडों पट नव्हे. तिसरें, तांबें आणि कांसें यांसारखे कांहीं धातु पोलादावर सारवलेला थर घट्ट धरून ठेवण्यास मदत करतात. टेफ्लॉन या अतिशय निसरड्या पण लवकर झिजणाऱ्या प्लॅस्टिकमध्यें कांसें मिसळण्याची पद्धत कारखान्यांत रूढ आहे, ती यामुळेंच.

आपल्या देशांतहि या दिशेनें काम झालें आहे. लुधियाना येथील इंजिनिअरिंग संशोधकांनीं नायलॉनमध्यें लोखंडाची भुकटी मिसळून मुद्रणाची तार बनविली, तिचे नमुने छापले आणि मुद्रणांत नेहमीं वापरल्या जाणाऱ्या ए. बी. एस. प्लॅस्टिकशीं त्यांची तुलना केली. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत लोह-नायलॉनची झीज कमी आढळली.

मग अधिक धातु म्हणजे अधिक टिकाऊपणा असें समजावें काय? नाहीं. प्लॅस्टिक हें येथें चुन्यासारखें आहे आणि धातूचे कण विटांसारखे. चुना कमी पडला तर विटा निखळतात. धातूचें प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेलें, किंवा कणांस प्लॅस्टिक नीट चिकटलें नाहीं, तर घासतांना कण सुटतात. आणि सुटलेला कण दोन पृष्ठांमध्यें सांपडून दोघांनाहि कुरतडतो. कण फार कठीण असले तर बुश टिकतो, पण पोलादी दांडा झिजतो. दहा रुपयांचा बुश वांचवून हजार रुपयांचा दांडा गमावणें हा शहाणपणा नव्हे. बॅबिटचा सारा उद्देश याच्या उलट होता. या भुकटीचा स्वभाव मुद्रणयंत्राला आधींच कळतो. नेहमींच्या पितळी तोटीचें छिद्र कांहीं भुकट्या पाहतां पाहतां रुंद करून टाकतात. मग तेथें कठीण पोलादाची तोटी बसवावी लागते.

शिवाय छापलेल्या भागाला स्वतःचा असा एक दोष आहे. तो ओतीव भागासारखा एकजीव नसतो. थर आणि थर यांच्यामध्यें सूक्ष्म पोकळ्या राहतात, आणि थरांचा जोड हा त्याचा नेहमींच दुबळा भाग. लांकूड जसें शिरांच्या बाजूनें सहज फाटतें, तसा हा भाग थरांच्या बाजूनें सुटतो. म्हणून घासण्याची दिशा थरांशीं कसा कोन करते, यावर झीज बदलते. एकच तार, एकच यंत्र. पण भाग उभा छापला कीं आडवा छापला, एवढ्यानें फरक पडतो. नव्या भागाच्या पृष्ठावर तारेच्या वळ्या असतात. आरंभीं त्या भरभर झिजतात, मग पृष्ठ सपाट होऊन झीज मंदावते. म्हणून पहिल्या दिवसाच्या झिजेवरून वर्षाचा अंदाज बांधूं नये.

झीज मोजतात ती अशी. पदार्थाची एक लहान कांडी फिरत्या पोलादी तबकडीवर ठराविक भारानें दाबून धरतात, ठराविक अंतर घासूं देतात, आणि आधीं व नंतर तिचें वजन करतात. येथें एक फसवणूक आहे, ती सांगतों. समजा, निव्वळ प्लॅस्टिकची कांडी तीन मिलिग्रॅमनें घटली आणि धातुमिश्रित कांडी पांच मिलिग्रॅमनें. कोणती अधिक झिजली? वजनावरून पाहिलें तर दुसरी. पण प्लॅस्टिकची घनता १.२ आणि मिश्रणाची २.५ असेल, तर पहिलीचें अडीच घन मिलिमीटर द्रव्य गेलें आणि दुसरीचें दोनच. बुश सैल होतो तो गेलेल्या जागेमुळें, गेलेल्या वजनामुळें नव्हे. म्हणून हिशेब नेहमीं आकारमानाचा करावा, आणि त्याला भारानें व अंतरानें भागावें. वीस न्यूटन भार आणि एक हजार मीटर अंतर असेल, तर दुसऱ्या कांडीच्या दोन घन मिलिमीटरांस वीस हजारांनीं भागावयाचें. जो विक्रेता हे तीन आंकडे न सांगतां नुसतें "झिजत नाहीं" म्हणतो, त्याच्यावर विश्वास ठेवूं नये.

आतां हें सारें व्यवहारांत आणूं. बार्शी हें धान्याचें आणि डाळींचें जुनें बाजारगांव. समजा, ऐन हंगामांत तेथल्या एका डाळगिरणींतील बुश झिजला. यंत्र जुनें, बनविणारी कंपनी केव्हांच बंद पडलेली. दारांत तुरीचीं पोतीं पडलीं आहेत आणि मजूर बसून आहेत. शेजारचा एखादा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी म्हणतो, "काका, रात्रींतून छापून देतों." काकांनीं काय करावें?

माझें उत्तर असें. प्रथम भार आणि वेग विचारावे. भार हलका, गति मंद आणि जागा उघडी असेल तर खुशाल छापून घ्यावा, पी. एल. ए. नको, नायलॉन घ्यावा. आरंभीं दर तासाला यंत्र थांबवून त्याला हात लावून पाहावा. हात ठेववत नसेल तर तो बुश तेथें टिकावयाचा नाहीं. भार जड असेल तर छापलेला भाग नवा कांशाचा बुश लेथवर कातून येईपर्यंतचा पाहुणा समजावा. आणि जेथें भाग तुटल्यास माणसाचा जीव जाईल, म्हणजे ब्रेक, पाळणा, उचलयंत्र, तेथें गांवांत छापलेल्या भागाचें नांवच काढूं नये. रेल्वेचा ब्रेकचा ठोकळा आणि आपला बुश यांचें कूळ एक असलें तरी ठोकळा उंच दाबाखालीं सांच्यांत घडलेला आणि कसोट्यांतून पार पडलेला असतो.

पण याहून मोठा प्रश्न आणखी एक आहे, आणि तो बहुधा कोणी विचारीत नाहीं. झिजलेलें द्रव्य जातें कोठें? झीज म्हणजे नाश नव्हे. झीज म्हणजे स्थलांतर. ब्रेकच्या मिश्रणांत कित्येक दशकें अॅस्बेस्टॉस घालीत असत. घर्षणाच्या दृष्टीनें तो पदार्थ उत्तम ठरला. त्याची झीज धुळीच्या रूपानें कामगारांच्या फुप्फुसांत गेली, आणि तेथें तिनें असाध्य रोग उत्पन्न केले. पदार्थ चांगला होता, फक्त त्याच्या धुळीचा हिशेब कोणी वेळेवर मांडला नव्हता. आपल्या डाळगिरणींतील धातुमिश्रित बुशाची झीज डाळींत पडेल. तांब्याची भुकटी आणि प्लॅस्टिकचे कण कोणाच्या तरी आमटींत जातील. म्हणून धान्याशीं संबंध येईल तेथें हा पदार्थ कितीहि टिकाऊ असला तरी वर्ज्य समजावा. दळणांत जात्याची कच येऊं नये म्हणून जपणाऱ्या आपल्या आजीला हा नियम कोणी शिकवावा लागला नव्हता.

कुर्डुवाडीच्या फलाटावर गाडी थांबली म्हणजे कामगार डब्यांच्या कडेनें चालत जाई आणि आंसाच्या पेटीवर हात ठेवून ती तापली आहे काय तें पाही. आज त्या हाताच्या जागीं यंत्रें आलीं आहेत. पण प्रश्न तोच राहिला आहे. भार किती, वेग किती, उष्णता कोठें जाते आणि धूळ कोठें पडते? नवा पदार्थ घरीं आला कीं त्याला हे चार प्रश्न विचारावे. उत्तरें समाधानकारक मिळालीं तर त्याचें स्वागत करावें. न मिळालीं तर जुन्या कांशाचा बुश अजून बाजारांत मिळतो.